एक घर आणि चार दरवाजे

(नभोवाणीवरील भाषण)

जळगांवच्या सिंधी कॉलनींत अथवा धुळ्याच्या कुमारनगरांत ज्या घरीं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिंधमधून आलेलें कुटुंब राहत असेल, त्या घरीं दागिन्यांच्या डब्यापेक्षां कागदांची पेटी अधिक जपली जाते. तींत हिरव्या मुखपृष्ठाचे पासपोर्ट असतात. त्यांतील कित्येकांची मुदत केव्हांच संपलेली असते. अरबी वळणाच्या सिंधी लिपींत लिहिलेले शाळेचे दाखले असतात, पोलिस कचेरीच्या शिक्क्याचीं पत्रें असतात, विजेचीं बिलें आणि घरभाड्याच्या पावत्या असतात. आणि तळाशीं कोणा एका वृद्ध माणसाच्या नांवाचा, घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला एक कागद असतो. पेटींतील इतर कागद हरवले तर खटपट करून पुन्हा मिळवितां येतात. हा तळचा कागद हरवला तर तो पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते. आणि घरांतील निम्म्या माणसांचें भारतीय नागरिकत्व त्यावरच अवलंबून असतें.

हा कागद म्हणजे घरांतील वडील माणसाचा जन्म अविभाजित हिंदुस्थानांत झाला होता याचा पुरावा होय. त्याला एवढें मोल कां यावें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

सिंध आणि खानदेश हे एकमेकांस अगदींच परके नव्हते. १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध स्वतंत्र प्रांत झाला. तोंपर्यंत शिकारपूर आणि जळगांव, सक्कर आणि धुळें हीं एकाच मुंबई इलाख्यांतील गांवें होतीं. फाळणीनंतर, आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनीं मुंबईस उतरले. पुष्कळांस कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली व तेथें पुढें उल्हासनगर वसलें. कांहीं कुटुंबें आगगाडीच्या मार्गानें पुढें सरकलीं, आणि कापसाच्या व केळीच्या या मुलुखांतील बाजारपेठांत दुकान थाटून बसलीं. त्या पिढीच्या नागरिकत्वाचा प्रश्न राज्यघटनेनें एका कलमांत सोडविला. सहाव्या कलमान्वयें पाकिस्तानांतून आलेल्या माणसाचा स्वतःचा, त्याच्या आईबापांपैकीं कोणाचा, अथवा आजाआजींपैकीं कोणाचाहि जन्म पूर्वीच्या हिंदुस्थानांत झालेला असला, आणि तो १९ जुलै १९४८ पूर्वीं येऊन येथेंच राहिलेला असला, कीं तो नागरिक ठरला. त्या तारखेनंतर परवान्याची पद्धत सुरू झाली होती. म्हणून मागाहून आलेल्यांस सहा महिन्यांचें वास्तव्य आणि नोंदणी यांची अट घातली गेली. आजाआजींचा उल्लेख त्या कलमांत स्पष्ट आहे, हें येथें लक्षांत ठेवावें. कारण पुढच्या कायद्यांत तो या कामीं सांपडत नाहीं.

जे मागें राहिले त्यांची वाट मात्र हळूहळू अरुंद होत गेली. १९५२ च्या ऑक्टोबरांत दोन्ही देशांमध्यें पासपोर्टाची पद्धत आली. १९६५ च्या युद्धांत मुनाबाव व खोकरापार यांमधील लोहमार्ग बंद पडला; तो २००६ सालीं थार एक्स्प्रेसच्या रूपानें उघडला आणि २०१९ च्या ऑगस्टांत पुन्हा थांबला. तरीहि माणसें येत राहिलीं. कोणी यात्रेच्या निमित्तानें आलें, कोणी लग्नाच्या, कोणी भावाच्या भेटीस. आणि आल्यावर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठीं अर्ज करून राहिलें. खानदेशांत आधींपासून स्थिरावलेले सगेसोयरे होते, म्हणून हा ओघ इकडे वळला. सिंधी वसाहतींत नवा आलेला माणूस पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुण्यास अर्ज कसा भरावयाचा हें यजमानच शिकवितो.

कायद्याचीं कलमें नुसतीं वाचून दाखविल्यानें ध्यानांत राहत नाहींत. म्हणून एक घर कल्पावें. घर कल्पित असलें तरी त्यांत येणारी प्रत्येक अडचण कायद्याच्या शब्दांतूनच निघालेली आहे.

आजोबांचा जन्म १९४४ सालीं शिकारपुरास झाला. त्यांस दोन मुलगे. थोरला १९७१ चा, धाकटा १९७५ चा. दोघेहि शिकारपुरांतच जन्मले. थोरला आजोबांस व आपल्या बायकामुलांस घेऊन २०१३ सालीं जळगांवास आला. धाकट्याचें तेथें दुकान होतें, तें मोडून निघण्यास त्याला वेळ लागला. तो २०१६ सालीं आला. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, ती सक्करची, १९७७ ची. मुलगा होता १९९९ चा, आणि मुलगी होती २०१० ची. पुढें २०२३ सालीं या मुलाचें लग्न धुळ्याच्या एका सिंधी मुलीशीं झालें. ती जन्मानें भारतीय नागरिक. २०२४ सालीं त्यांस जळगांवांतच मूल झालें. सर्वजण एकाच घरांत राहतात, एकाच चुलीवर जेवतात, आणि कायद्याच्या दृष्टीनें एकाच घराच्या निरनिराळ्या दरवाजांसमोर उभे आहेत.

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यांत कुटुंबाचा असा अर्ज नाहींच. प्रत्येक माणसाचा अर्ज निराळा, नमुना निराळा, पुरावा निराळा. अमेरिकेंत नागरिक झालेला भाऊ परदेशांतील भावासाठीं अर्ज दाखल करूं शकतो. ती रांग कित्येक वर्षांची असते ही गोष्ट वेगळी, पण नात्याला तेथें अर्जाचें रूप आहे. येथें नातें हा पुरावा आहे, अर्ज नव्हे.

पांचव्या कलमाचा पहिला दरवाजा भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठीं आहे. जिचा स्वतःचा, अथवा जिच्या आईबापांपैकीं एकाचा, जन्म अविभाजित हिंदुस्थानांत झाला ती व्यक्ति भारतीय वंशाची समजली जाते. आजोबा अर्थातच या दरवाजानें आंत येतात. दोन्ही मुलगेहि येतात, कारण बाप १९४४ चा. परंतु नातू? त्याचा बाप १९७५ चा, आई १९७७ ची. दोघांच्याहि जन्मापूर्वीं फाळणी होऊन गेलेली. घराण्याच्या शंभर पिढ्या सिंधु नदीच्या कांठीं गेल्या असल्या तरी या पोटकलमापुरता हा नातू भारतीय वंशाचा नाहीं. घटनेच्या सहाव्या कलमांत आजोबांची गणना होती. येथें बापापाशींच मोजणी थांबते. १९४७ पूर्वीं जन्मलेला बाप अथवा आई दाखवूं शकणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. हा दरवाजा कोणी बंद केलेला नाहीं. काळ पुढें जाईल तसा तो आपोआप बंद होत आहे.

आणि ज्यांच्यासाठीं तो उघडा आहे त्यांसहि पुरावा द्यावा लागतो. १९४४ सालच्या खेड्यापाड्यांतील जन्माची नोंद होतीच असें नाहीं. मग शाळेच्या रजिस्टरांतील जन्मतारीख शोधावी लागते, आणि ती असते सिंधींत. सिंधी भाषा १९६७ सालीं घटनेच्या आठव्या अनुसूचींत आली. त्यामुळें देशीयकरणासाठीं अर्ज करणाऱ्या वृद्ध बाईस मराठी येत नसली तरी भाषेची अट आड येत नाहीं. सिंधी येणें पुरेसें आहे. पण तिचा दाखला तपासणाऱ्या कारकुनास ती लिपि वाचतां येईल अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. भाषान्तर करून, तें प्रमाणित करून जोडावें लागतें. जुनी लिपि वाचणारे वृद्ध सिंधी गृहस्थ आहेत तोंवर हें काम घरच्या घरीं समजून घेतां येतें. त्यांचे नातू सिंधी बोलतात, पण लिहावयाची झाल्यास देवनागरींत लिहितात.

नांवांचा घोळ हा आणखी एक. पाकिस्तानच्या कागदांत बहुधा माणसाचें नांव आणि बापाचें नांव एवढेंच येतें. भारतांत आल्यावर शाळेंत, बँकेंत आडनांव मागतात, आणि 'आनी'कारान्त कुळनांव पुढें जोडलें जातें. दोन कागद शेजारीं ठेवले कीं ते दोन निराळ्या माणसांचे वाटतात. हीं दोन्हीं नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत असें प्रतिज्ञापत्र करून ठेवणें ही किरकोळ गोष्ट वाटते. परंतु अर्ज परत येण्यास एवढें कारण पुरतें. तें आरंभींच केलेलें बरें, आणि पुढें प्रत्येक कागदावर एकच नांव एकाच वर्णानुक्रमानें लिहिण्याची शिस्त घरांतील सर्वांनीं पाळलेली बरी.

वंशाबरोबर वास्तव्यहि मोजलें जातें. १९५५ सालीं या दरवाजासाठीं सहा महिन्यांचें वास्तव्य पुरत असे. १९८६ च्या दुरुस्तीनें तें पांच वर्षें झालें आणि २००३ च्या दुरुस्तीनें सात वर्षें. तीं कशीं मोजावयाचीं हेंहि कायद्यांत सांगितलें आहे. अर्जापूर्वींचे लगतचे बारा महिने सलग भारतांत काढलेले असले पाहिजेत; आणि त्या बारा महिन्यांमागील आठ वर्षांपैकीं निदान सहा वर्षें येथें गेलेलीं असलीं पाहिजेत. आठ वर्षांच्या हिशेबांत थोडी सैल आहे. शेवटच्या वर्षांत जवळजवळ नाहीं. २०१५ च्या दुरुस्तीनें विशेष कारण असल्यास केंद्र सरकार तीस दिवसांपर्यंतचा खंड माफ करूं शकतें, एवढाच काय तो अपवाद. धाकट्या सुनेची आई सक्करास आहे. ती आजारी पडली असें पत्र शेवटच्या वर्षांत आलें, तर सुनेनें जावें कीं राहावें? गेली आणि महिन्याभरांत परतली नाहीं, तर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. आणि परत येण्यास वाट मिळेल हेंहि गृहीत धरतां येत नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें अटारीचें ठाणें बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हां तें दिसून आलें. अशा वेळीं घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहींत, भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहतात.

थोरल्या भावाची वाट निराळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत ६ब हें कलम आलें. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथील हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती या समाजांतील जे लोक ३१ डिसेंबर २०१४ रोजीं अथवा त्यापूर्वीं भारतांत आले त्यांच्यासाठीं तें आहे. मुसलमानांस त्यांतून वगळल्यानें त्यावर देशांत मोठा वाद झाला आणि त्याच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें नेण्यांत आला. तो विषय येथें पुरा व्हावयाचा नाहीं. नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजीं प्रसिद्ध झाले, आणि त्यांनीं कचेऱ्यांची जुनी वाट बदलली. या अर्जांची छाननी जिल्हाधिकाऱ्याकडे नसून जिल्हा समितीकडे असते, आणि तिचा प्रमुख असतो पोस्टखात्याचा अधीक्षक. राज्यांतील अधिकारप्राप्त समितीवर जनगणना संचालक प्रमुख असतो. ज्या खात्याकडून पोस्टकार्ड घ्यावें त्याच खात्याच्या अधिकाऱ्यासमोर राष्ट्रनिष्ठेची शपथ घ्यावी, हें प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. पण अर्जदारास त्यामुळें दहा उंबरठे कमी चढावे लागतात.

या नियमांस दोन याद्या जोडलेल्या आहेत. पहिलींतील एखाद्या कागदानें आपण पाकिस्तानचे होतों हें दाखवावयाचें, आणि दुसरींतील एखाद्या कागदानें ३१ डिसेंबर २०१४ पूर्वीं आपण भारतांत आलों हें. दुसरी यादी बरीच उदार आहे. व्हिसा व त्यावरील प्रवेशाचा शिक्का, शिधापत्रिका, विजेचें बिल, बँकेचें वा पोस्टाचें खातें, विम्याची पॉलिसी, मुलाचा शाळेचा दाखला, यांपैकीं कांहींहि चालतें. कागदाची मुदत संपलेली असली तरी तो ग्राह्य धरला जातो. पहिल्या यादींत तर अशीहि मुभा आहे कीं आईबाप, आजाआजी अथवा पणजापणजी यांपैकीं कोणी त्या देशाचे नागरिक होते हें दाखविणारा कागद असला तरी तो पुरतो. म्हणजे पाकिस्तानचें नातें पणज्यापर्यंत मागें जातें आणि भारताचें नातें बापापाशीं थांबतें! कायदा लिहिणारांनीं हें मुद्दाम केलें असें कोणी म्हणणार नाहीं. दोन्हीं वाक्यें निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या टेबलांवर लिहिलीं गेलीं. परंतु तीं एकाच घरांत एकत्र वाचलीं जातात.

थोरल्याच्या घरांतील मुलासहि या वाटेनें अडचण नाहीं. तो भारतीय वंशाच्या व्याख्येंत बसला नाहीं तरी देशीयकरणाच्या मार्गानें येऊं शकतो. इतरांस त्यासाठीं शेवटच्या बारा महिन्यांखेरीज अकरा वर्षांचें वास्तव्य लागतें. ६ब खालीं येणारांस अकरांच्या जागीं पांचच पुरतात. धाकट्याच्या मुलास ही सवलत नाहीं. दोघे चुलतभाऊ एकाच गल्लींत वाढले, एकाच शाळेंत शिकले. एक २०१३ सालीं आला आणि दुसरा २०१६ सालीं, एवढाच फरक.

धाकट्याच्या कुटुंबास जुन्याच वाटेनें जावें लागतें. अर्ज ऑनलाइन भरावयाचा, मग जिल्हाधिकारी, मग राज्य सरकार, मग केंद्राचें गृहखातें, आणि मध्यें पोलिसांची व गुप्तवार्ता खात्याची चौकशी. डिसेंबर २०१६ मध्यें केंद्रानें सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांस या समाजांच्या अर्जांवर स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार दिला होता. त्यांत महाराष्ट्राचे नागपूर, मुंबई, पुणें आणि ठाणें हे चार जिल्हे होते. जळगांव नव्हतें आणि धुळेंहि नव्हतें. नागपुरास राहणारा मेव्हणा जें काम आपल्याच जिल्ह्यांत उरकी, त्यासाठीं जळगांवच्या माणसाचा अर्ज दिल्लीपर्यंत जाई.

तोंपर्यंत आधार असतो दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा. जिल्ह्याचा पोलिस अधीक्षक हाच परकीय नागरिकांच्या नोंदणीचा अधिकारी. त्यामार्फत अर्ज जातो. या समाजांतील अर्जदारांस हा व्हिसा एका वेळीं पांच वर्षांपर्यंत मिळूं शकतो. २०१६ पासून त्यावर बँकेंत खातें उघडतां येतें, पॅन व आधार कार्ड आणि वाहनाचा परवाना काढतां येतो, राहण्यापुरतें लहानसें घर घेतां येतें, स्वतःचा धंदा करतां येतो आणि राहत्या राज्यांत मोकळेपणीं फिरतां येतें. राहत्या राज्यांत, हे शब्द खानदेशांत विशेष जाणवतात. रावेर सोडून आगगाडी थोडी पुढें गेली कीं बऱ्हाणपूर येतें, आणि तें मध्यप्रदेशांत आहे. गोंदियास निघालेल्या माणसास हरकत नाहीं. बऱ्हाणपुरास मामेबहिणीच्या लग्नास निघालेल्यानें आधीं कचेरींत विचारणा करावयास हवी.

या व्हिसाची मुदत संपूं देणें ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें पर्यटकांची हत्या झाली, आणि दोन दिवसांनीं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द झाल्याचें जाहीर झालें; वैद्यकीय व्हिसांस २९ एप्रिलपर्यंत अवधि होता. हिंदु पाकिस्तानी नागरिकांस दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे मात्र कायम राहिले. भेटीच्या व्हिसावर आलेला पाहुणा आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारा त्याचा यजमान एकाच ताटांत जेवणारे. एकास सामान बांधावें लागलें आणि दुसरा राहिला. पुढें १ सप्टेंबर २०२५ पासून १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा रद्द होऊन त्यांच्या जागीं एकच नवा कायदा आला. त्या वेळीं काढलेल्या आदेशानें ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या वरील सहा समाजांच्या लोकांस कागद अपुरे असल्याबद्दलच्या शिक्षेपासून सूट मिळाली. परंतु ही सूट शिक्षेपासून आहे. ती नागरिकत्व नव्हे. २०१४ ची तारीख २०२४ झाली असा समज कित्येक ठिकाणीं पसरला, तो चुकीचा आहे.

व्हिसाच्या मुदतीचें महत्त्व त्या घरांतील सर्वांत लहान माणसाच्या बाबतींत दिसतें. भारतांत जन्मलें म्हणजे मूल भारतीय झालें, हा नियम ३० जून १९८७ पर्यंत होता. त्यानंतर आईबापांपैकीं एक तरी नागरिक असावा लागे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघे नागरिक, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, असा नियम आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिलेला माणूस बेकायदेशीर स्थलांतरितांत गणला जातो. म्हणजे २०२४ सालीं जळगांवच्या सूतिकागृहांत जन्मलेलें तें मूल भारतीय आहे कीं नाहीं, हें त्याच्या आईच्या नागरिकत्वाइतकेंच, त्या दिवशीं बापाचा व्हिसा चालू होता कीं नाहीं यावर ठरतें. या घरांत तो चालू होता. नव्या व्हिसाची प्रत जन्माच्या दाखल्यासच टांचून ठेवण्याचें शहाणपण धुळ्याच्या त्या सुनेस सुचलें.

तिच्या पायगुणानें नवऱ्याचीहि अडचण सुटली. कलमाचा तिसरा दरवाजा भारतीय नागरिकाशीं विवाह झालेल्यांसाठीं आहे. त्यासाठीं सात वर्षांचें वास्तव्य लागतें. लग्नास सात वर्षें व्हावीं लागतात असें नव्हे. २०१६ पासून येथें राहणारा हा तरुण भारतीय वंशाच्या व्याख्येंत बसत नसला तरी बायकोच्या नात्यानें अर्जास पात्र आहे.

याच दरवाजापाशीं मुसलमान घरांतील सुनाहि उभ्या असतात. फाळणीनें तीं घराणींहि दुभंगलीं, आणि चुलत-मामेभावंडांचीं लग्नें सरहद्दीपलीकडे होत राहिलीं. खानदेशांतील घरांत अशी मुलगी सून म्हणून आली, तर २०१९ ची सवलत तिला नाहीं. परंतु विवाहाचें पोटकलम धर्म विचारीत नाहीं. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या यादींतहि भारतीय नागरिकाशीं लग्न करून येथें राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रिया हा स्वतंत्र वर्ग आहे. विधवा अथवा घटस्फोटित होऊन परतलेल्या, आधार देणारें पुरुषमाणूस तिकडे न उरलेल्या, भारतीय वंशाच्या स्त्रियांसहि त्यांत जागा आहे. भारतीय मुलीशीं लग्न केलेल्या पाकिस्तानी पुरुषाचा मात्र त्या यादींत उल्लेख नाहीं. मुलगी सासरीं जाते, जांवई घरीं राहत नाहीं, हा जुना लोकाचार व्हिसाच्या यादींत असा शिरून बसला आहे.

राहिली धाकट्याची मुलगी. ती २०१० ची. सहा वर्षांची असतां आली आणि मराठी शाळेंत शिकली. तिच्यासाठीं चौथा दरवाजा आहे, तो नागरिकांच्या अज्ञान मुलांचा. आईबाप नागरिक झाले कीं तिची नोंदणी होऊं शकते. पण ती अठरा वर्षांची होण्यापूर्वीं. २०२८ सालीं तो तिच्यापुरता बंद होईल. त्यानंतर पांचवें पोटकलम उरतें, सज्ञान अपत्यांचें. आणि त्याचे शब्द बारकाईनें वाचावे लागतात. ज्याचे आईबाप भारतीय वंशाच्या नात्यानें अथवा देशीयकरणानें नागरिक झाले त्याच्यासाठीं तें आहे. विवाहाच्या नात्यानें झालेल्या नोंदणीचा त्यांत उल्लेख नाहीं.

येथें घरांतील पुष्कळ जण फसतात. बापाची नोंदणी झाल्यावर आईस सोपा मार्ग दिसतो तो नवऱ्याच्या नात्याचा. लग्नाचा दाखला हाताशीं असतो. माहेरच्या वडिलांचा जन्माचा पुरावा सक्करहून कोण आणणार? म्हणून ती विवाहाचा नमुना भरते. तिचें काम होतें, यांत शंका नाहीं. परंतु दरम्यान मुलगी अठरा वर्षांची झाली तर शब्दशः पाहतां पांचवा दरवाजा तिला अर्धाच उघडा राहतो, कारण आई चुकीच्या पोटकलमानें नागरिक झालेली असते. मग मुलीस स्वतःचीं बारा वर्षें दाखवून देशीयकरणाचा अर्ज करावा लागतो. धाकट्या सुनेचे वडील १९४५ चे. त्यांचें नांव सक्करच्या शाळेच्या रजिस्टरांत असलें पाहिजे. तो उतारा आला तर तीहि भारतीय वंशाच्या नात्यानें अर्ज करूं शकते, आणि नवऱ्याच्या नोंदणीची वाट न पाहतां, त्याच्याच बरोबर.

आणखी एक अडचण सरहद्दीपलीकडच्या कायद्याची आहे. नेहमींच्या वाटेनें नागरिकत्व घेणारास पूर्वीच्या देशाचें नागरिकत्व सोडल्याचें प्रमाणपत्र द्यावें लागतें, आणि पाकिस्तानच्या कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील व्यक्तीस तें सोडतां येत नाहीं. भारतांत अठराव्या वर्षीं सज्ञान झालेली मुलगी तेथें आणखी तीन वर्षें अज्ञानच असते. २०२४ च्या नियमांनीं ६ब खालील अर्जदारांची यांतून सुटका केली. तेथें अर्जांतील प्रतिज्ञाच पुरते. थोरल्याच्या घरास तें प्रमाणपत्र लागत नाहीं, धाकट्याच्या घरास लागतें.

थोरल्यास जें प्रमाणपत्र मिळेल त्याप्रमाणें तो अर्जाच्या दिवसापासून नव्हे, तर २०१३ सालीं भारतांत पाऊल ठेवल्या दिवसापासून नागरिक समजला जाईल. कायद्याचे तसे शब्द आहेत. धाकटा नागरिक होईल तो नोंदणी होईल त्या दिवसापासून. म्हणून त्या घरांत सध्यां पत्रव्यवहार चालला आहे तो सक्करशीं. सुनेचा भाऊ तेथें आहे. शाळा अजून चालू आहे असें तो कळवितो, जुनीं रजिस्टरें एका कपाटांत आहेत असेंहि कळवितो, आणि मुख्याध्यापक सुटीवरून परतले कीं उतारा मागतों असें त्यानें लिहिलें आहे.